आफ्रिकन डायस्पोरा हा विषय विद्यापीठात शिकायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीच्या मुलांपासून निवृत्त इतिहासप्रेमींपर्यंत अनेक जण मला हेच प्रश्न फिरून फिरून पाठवतात. दरवेळी नव्याने लिहिण्यापेक्षा उत्तरं एकत्र केली आहेत. मी हा विषय परदेशात शिकले आणि आता शिकवते, त्यामुळे जागोजागी माझी मतंही आली आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीला दोन ठिकाणी उत्तर देण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा विषय नेमका कशाचा? आफ्रिकेचा इतिहास शिकायचा का?

आफ्रिका खंडाचा अभ्यास याच्या शेजारी आहे, पण तो वेगळा. इथे अभ्यास होतो तो आफ्रिकेबाहेर गेलेल्या, आणि बहुतेक वेळा पकडून नेलेल्या, माणसांचा आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा. ब्राझीलमधलं बाहिया, जमैका, हैती, अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं, लंडन, बसरा, गीरचं जंगल, मुरूडचा किनारा, एवढा मोठा पसारा आहे. इतिहासाबरोबर साहित्य, संगीत, धर्म, कायदा, भाषा, अर्थकारण हे सगळं यात येतं. ‘डायस्पोरा’ हा ग्रीक शब्द पेरताना बी विखुरतं त्यावरून आला. पूर्वी तो ज्यू समाजासाठी वापरत. आफ्रिकन वंशाच्या लोकांसाठी तो १९६० च्या दशकापासून रुळला.

२. ब्लॅक स्टडीज, आफ्रिकन अमेरिकन स्टडीज, आफ्रिकाना स्टडीज: अर्ज करताना यातलं काय शोधू?

सगळी नावं शोधा. नाव बहुधा विभाग कधी आणि कोणी सुरू केला त्यावरून पडलेलं असतं. ‘आफ्रिकाना’ हे नाव १९६९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात केंद्र उभं करताना जेम्स टर्नर यांनी पुढे आणलं. आफ्रिका, अमेरिका आणि कॅरिबियन बेटं एकत्र शिकवायची हा त्यामागचा विचार. ‘आफ्रिकन अमेरिकन’ नावाच्या विभागात भर अमेरिकेवर असण्याची शक्यता जास्त. पण खरी माहिती मिळते ती शिक्षकांच्या यादीत. तुम्हाला हिंदी महासागरावर काम करायचं असेल आणि तिथे सगळे अमेरिकेच्या विसाव्या शतकाचे अभ्यासक असतील, तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, तिथे जाऊ नका.

३. हा विषय विद्यापीठात आला कसा?

आपणहून कोणी आणला नाही. तो मागून, भांडून घ्यावा लागला.

विद्यापीठांनी दार उघडण्याच्या कितीतरी आधी काम सुरू झालं होतं. समाजशास्त्रज्ञ आणि इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस १८९५ साली हार्वर्डची पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ठरले, पण प्राध्यापकी मिळाली ती कृष्णवर्णीयांसाठीच्या संस्थांतच. कार्टर वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. स्वतः ते कोळशाच्या खाणीत राबले आणि १९१२ मध्ये हार्वर्डची पीएचडी घेतली. १९१५ साली त्यांनी या इतिहासासाठी संस्था काढली, १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी ठरवला. त्याचाच १९७६ मध्ये महिना झाला. पोर्तो रिकोत जन्मलेले आर्तुरो शोम्बर्ग न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल विभागात नोकरी करत आणि पगारातून पुस्तकं, पत्रं, चित्रं जमवत. तो संग्रह १९२६ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी दहा हजार डॉलरला घेतला गेला. हार्लेममधलं आजचं शोम्बर्ग सेंटर त्यावरच उभं आहे.

विद्यापीठात विभाग आला तो विद्यार्थ्यांमुळे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ ला संप सुरू झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेबरोबर आशियाई, मेक्सिकन आणि मूळनिवासी वंशाचे विद्यार्थी उभे राहिले. मागण्या पंधरा होत्या, त्यांत कृष्णवर्णीय अभ्यासाचा स्वतंत्र विभाग ही एक. कॉलेजचे प्रभारी अध्यक्ष हयाकावा एका सकाळी संपकऱ्यांच्या स्पीकर लावलेल्या गाडीवर चढले आणि त्यांनी वायरी उपटून टाकल्या. तो फोटो देशभर गेला. पोलीस आले, शेकडोंना अटक झाली. मार्च १९६९ मध्ये संप मिटला तेव्हा विभाग मंजूर झाला होता. पुढे १९८८ साली टेंपल विद्यापीठाने या विषयातला पहिला पीएचडी अभ्यासक्रम सुरू केला.

हे इतकं लांबवून सांगते, कारण ‘हा विषय म्हणजे राजकारण’ असा शेरा तुम्हाला ऐकायला मिळेल. विषय आधी शिकवला जात नव्हता, यातही राजकारण होतंच.

४. म्हणजे वर्षानुवर्षं गुलामगिरीच वाचायची का? सहन होईल का?

गुलामगिरी टाळता येणार नाही आणि काही आठवडे जड जातात. मला पहिल्या वर्षी जहाजांच्या नोंदी वाचल्यावर झोप लागत नसे. पण नुसतं सोसणं एवढाच हा इतिहास असता तर मी त्यात राहिले नसते. हैतीत १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली स्वतःचं स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं. ब्राझीलमध्ये पळून गेलेल्या लोकांनी पाल्मारेस नावाची वस्ती जवळजवळ शतकभर टिकवली. तिचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ ला मारला गेला आणि तो दिवस तिथे आजही पाळतात. कोलंबियातल्या सान बासिलिओ दे पालेंके गावात पळून गेलेल्यांच्या वंशजांची स्वतःची भाषा आजही बोलली जाते. जॅझ, सांबा, रेगे, कापोएरा हा ब्राझीलचा नाचासारखा युद्धखेळ, कांदोम्ब्ले हा तिथलाच धर्मपंथ, या सगळ्याचा इतिहास इथेच शिकतात.

५. किती माणसं नेली गेली? प्रत्येक पुस्तकात आकडा वेगळा दिसतो.

अटलांटिक महासागरापुरतं बोलायचं तर आज ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हा खुला डेटाबेस प्रमाण मानतात. त्यात ३६ हजारांहून अधिक सफरींची माहिती आहे. त्यावरून निघणारा अंदाज असा: सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली, सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. त्यांतली सुमारे ४८ लाख ब्राझीलमध्ये आणि ४ लाखांहून कमी थेट आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर. हे वाचून बरेच जण चकित होतात, कारण आपल्या डोळ्यांसमोर चित्र अमेरिकेचंच असतं. तिथे १८६० मध्ये जवळपास ३९ लाख ५० हजार गुलाम होते. त्यांतले बहुतेक तिथेच जन्मलेले.

जुन्या पुस्तकांतले आकडे वेगळे दिसतात, कारण कोणी चढवलेली माणसं मोजतं, कोणी उतरलेली, कोणी पकडताना आणि किनाऱ्यापर्यंत चालवताना मेलेलीही धरतं. आकडा देताना काय मोजलं आहे ते लिहा. हिंदी महासागरासाठी असा एकच सर्वमान्य आकडा नाही. तिथला व्यापार कितीतरी जुना आणि त्याच्या नोंदी विखुरलेल्या.

६. अमेरिकेशिवाय कुठे शिकता येईल?

बऱ्याच ठिकाणी, आणि माझ्या मते यांचा विचार आधी करावा.

वेस्ट इंडीज विद्यापीठ १९४८ मध्ये जमैकातल्या मोना इथे सुरू झालं. कॅरिबियन इतिहास तिथल्याच लोकांनी तिथेच बसून लिहिण्याची परंपरा तिथे आहे. ब्राझीलमध्ये बाहियाच्या संघीय विद्यापीठात १९५९ पासून आफ्रिकी-पौर्वात्य अभ्यासाचं केंद्र आहे. २००३ च्या कायद्याने तिथल्या शाळांत आफ्रिकी आणि आफ्रो-ब्राझिलियन इतिहास सक्तीचा झाला, त्यामुळे शिक्षकांची आणि संशोधनाची गरज वाढली. पोर्तुगीज मात्र यायलाच हवी.

ब्रिटनमध्ये लंडनच्या सोआस (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) या संस्थेकडे भाषा आणि हिंदी महासागर या दोन्हींची ताकद आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या प्रकल्पाने एक वेगळीच बाजू उघडी केली: १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली, आणि ती गुलामांना नाही, मालकांना. त्या सुमारे ४६ हजार दाव्यांची नोंद आज कोणालाही पाहता येते.

७. भारतात हा विषय शिकता येतो का?

याच नावाची पदवी शोधत बसू नका. दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आफ्रिकन अभ्यासाचा विभाग आहे, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात १९७१ पासून आफ्रिकन अभ्यास केंद्र आहे, जेएनयूतही केंद्र आहे. या तिन्ही ठिकाणी भर आफ्रिका खंडावर, त्याच्या राजकारणावर आणि भारताशी असलेल्या संबंधांवर असतो. पण मार्गदर्शक तयार असेल तर सिद्दी समाजावर (आफ्रिकेतून भारतात आलेल्यांचे वंशज) किंवा हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापारावर प्रबंध करता येतो. इतिहास, समाजशास्त्र किंवा इंग्रजीत एमए करून त्यात हा विषय घेणारेही आहेत.

८. मराठी माणसाचा या विषयाशी काय संबंध?

तीन गोष्टी सांगते.

मलिक अंबर. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्म. त्याचं लहानपणीचं नाव चापू होतं हे आपल्याला डच कागदांतून कळतं. अंबर हे नाव पुढच्या एका मालकाने ठेवलं. विकला जात जात तो अहमदनगरला आला, निजामशाहीचा कारभार हाती घेतला आणि मुघलांना दक्षिणेत वर्षानुवर्षं रोखून धरलं. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याने वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. नहर-ए-अंबरी ही पाणीपुरवठ्याची योजना त्याची, जमीनमहसुलाची घडी त्याची, आणि कबर खुलताबादला. जहांगीर बादशहाने एक चित्र काढवून घेतलं: भाल्यावर मलिक अंबरचं मुंडकं आणि समोर बाण मारणारा बादशहा. असं प्रत्यक्षात कधी घडलं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला. ते चित्र मी पहिल्याच तासाला दाखवते, कारण एखाद्याबद्दलचा पुरावा कोणाच्या हातचा आहे हे त्यावरून लगेच कळतं.

जंजिरा. शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी प्रयत्न करूनही हाती न आलेला किल्ला म्हणून आपण तो शाळेत शिकतो. हे खरंच आहे. पण त्याच सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं, त्यांच्या दप्तरांत मराठी आहे, आणि मुरूडची गावं त्यांच्या राज्यात शतकानुशतकं नांदली, हे आपण शिकत नाही. शत्रू म्हणून झालेली ओळख खोटी नसते, पण ती अपुरी असते.

नाशिक. ही गोष्ट नाशिककरांनाही माहीत नसते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलाम नेणारी गलबतं पकडत असे. सोडवलेली मुलं मुंबईला उतरवत. त्यांतली काही नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये पाठवली गेली. तिथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या मोहिमेत यांतले काही जण होते. त्यांच्यातला जेकब वेनराइट मूळचा पूर्व आफ्रिकेतल्या याओ समाजाचा. हे इंग्रजी नाव त्याला नंतर मिळालेलं. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर मृत्यूची नोंद त्यानेच कोरली, आणि मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो एकटा आफ्रिकन होता. त्याने डायरी लिहिली आहे. शरणपुरात शिकलेली बरीच माणसं पुढे आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ फ्रीअरटाउन या सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीत जाऊन राहिली आणि तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. मराठीत यावर एखादा भक्कम प्रबंध व्हावा असं मला फार मनापासून वाटतं.

९. निग्रो, हबशी, सिद्दी, काफर, कृष्णवर्णीय: मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरू?

‘निग्रो’ जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास आहे. अवतरणात आला तर तसाच ठेवा, स्वतःच्या वाक्यात नको. ‘काफर’, आणि गोव्याकडचा ‘खापरी’, अपमानाचे ठरले आहेत. ‘हबशी’ मूळचा हबश म्हणजे अबिसीनियावरून. दख्खनच्या इतिहासात तो योग्य आहे, कारण त्या काळचे लोक तोच वापरत. आजच्या जिवंत समाजाला मात्र ‘सिद्दी’ म्हणा, ते स्वतः तेच म्हणतात. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. पूर्व आफ्रिकेच्या दक्षिण भागातून आलेल्या माणसाला हबशी म्हटलं की त्याचं मूळ आपणच बदलून टाकतो. बाकी जगासाठी ‘कृष्णवर्णीय’ चालतो. आणि शक्य तिथे नुसतं ‘गुलाम’ न लिहिता ‘गुलाम केलेली माणसं’ लिहा. वाक्य लांबतं, पण कोणीतरी त्यांना गुलाम केलं होतं हे त्यात राहतं.

१०. मी इंजिनिअर आहे / कॉमर्सची आहे / वय पंचेचाळीस आहे. चालेल का?

पदवी कुठलीही चालते. तुम्ही काय वाचलं आणि कसं लिहिता ते बघतात. नकाशे, आकडेवारी, प्रोग्रामिंग येणाऱ्यांना प्रश्न ५ मधल्यासारख्या प्रकल्पांत भरपूर काम आहे. वयाबद्दल एकच सांगते: ॲना ज्युलिया कूपर १८५८ मध्ये गुलामगिरीत जन्मल्या, आणि १९२५ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांनी पॅरिसच्या सोरबोनमध्ये डॉक्टरेट मिळवली.

११. पैशांचं काय?

अमेरिकेत पीएचडीला बहुतेक मोठ्या विद्यापीठांत फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं. एमएला सहसा मिळत नाही. म्हणून कर्ज काढून एमए करण्याआधी थेट पीएचडीला अर्ज करून बघा. ब्रिटनसाठी चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, आणि राज्यातल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती या पाहाव्यात.

इथे एक खाच आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. तुमचा विषय जंजिऱ्याचे सिद्दी असेल तर तो यात अडकू शकतो, जमैका असेल तर नाही. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

१२. कोणती भाषा शिकू?

विषयावर अवलंबून. ब्राझील आणि गोव्यासाठी पोर्तुगीज, हैतीसाठी फ्रेंच आणि क्रेओल, क्युबा-कोलंबियासाठी स्पॅनिश, पूर्व आफ्रिकेसाठी स्वाहिली, दख्खनसाठी फारसी. पण मोडी वाचता येणाऱ्यांनी आपलं कसब कमी लेखू नये. पुण्याच्या पेशवे दप्तरात सिद्दींशी झालेला पत्रव्यवहार आहे, कुणबिणी आणि बटकींच्या, म्हणजे गुलाम केलेल्या बायकांच्या, खरेदी-विक्रीचे कागद आहेत. जगातले या विषयाचे बहुतेक अभ्यासक ते वाचू शकत नाहीत. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही येणाऱ्या विद्यार्थ्याला पणजीच्या पुराभिलेखागारापासून पुण्यापर्यंत आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे.

१३. त्या लोकांनी स्वतः लिहून ठेवलं नाही, तर त्यांचा इतिहास लिहायचा कसा?

पहिलं, काहींनी लिहून ठेवलं आहे. जेकब वेनराइट वर येऊन गेला. पण बहुसंख्यांना लिहू दिलं गेलं नाही, हे खरं.

आमच्या बाईंनी पहिल्याच सत्रात प्रत्येकीपुढे एक कागद ठेवला होता: १८५० च्या अमेरिकन जनगणनेतली गुलामांची यादी. डावीकडे मालकाचं पूर्ण नाव, सुबक अक्षरात. त्याखाली ओळीने वय, लिंग, वर्ण. चाळीस, पुरुष, काळा. अठ्ठावीस, स्त्री, काळी. नऊ. सहा. चार. सहा महिने. पुढे पळून गेला का, आंधळा, बहिरा वा वेडा आहे का, याचे रकाने. नावाचा रकानाच नाही. बाई म्हणाल्या, यावरून काय सांगता येतं ते लिहा. आम्ही लगेच लिहिलं की अठ्ठावीस वर्षांची बाई त्या चौघांची आई. बाईंनी विचारलं, कशावरून? याद्या बऱ्याचदा वयाच्या क्रमाने लावत. शेजारची ओळ म्हणजे नातं नव्हे. मग दुसरा कागद आला, त्याच तालुक्याची १८७० ची जनगणना, गुलामगिरी संपल्यानंतरची. तिथे माणसांना नावं आणि आडनावं होती, घरं होती. चार वर्षांचं मूल आता चोवीसचं असणार. त्या वयाची चार माणसं सापडली. त्यांतलं आपलं कोणतं हे शोधायला मला पुढचे दोन महिने लागले, आणि तरी मी ‘बहुधा’ हा शब्द काढू शकले नाही.

हीच पद्धत आहे. पळून गेलेल्यांच्या जाहिरातींत मालक शोधण्यासाठी वर्णन देतो, आणि नकळत सांगून जातो की हा माणूस दोन भाषा बोलतो, सारंगीसारखं वाद्य वाजवतो, त्याची बायको अमक्या गावी आहे. १९३६ ते १९३८ दरम्यान अमेरिकन सरकारने पूर्वी गुलाम असलेल्या वृद्धांच्या २,३०० हून अधिक आठवणी लिहून घेतल्या. मात्र विचारणारे बहुतेक गोरे होते, हे लक्षात ठेवून त्या वाचायच्या. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली इमारतीचा पाया खणताना आफ्रिकन दफनभूमी लागली, चारशेहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. लिहिलेलं नसलं तरी हाडं, मणी, गाणी, भाषा बोलतात.

१४. सिद्दींच्या नाचात, गोधड्यांत आफ्रिकेची खूण दिसते. एवढ्यावर ‘मूळ आफ्रिकेतलं’ असं लिहू का?

घाई करू नका. गुजरातमधल्या सिद्दींच्या ‘गोमा’ नाचाचं नाव बांटू भाषांतल्या ‘न्गोमा’वरून, म्हणजे ढोल आणि नाच, आलं आहे, मलुंगा हे भोपळ्याचं धनुर्वाद्यही पूर्व आफ्रिकेशी जुळतं. इथे नाव, वस्तू आणि उपयोग तिन्ही जुळतात, म्हणून विधान टिकतं.

आता गोधडी. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ भागातल्या सिद्दी बायका जुन्या साड्या-कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने फिरत मधे येतात. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे कापडी चौकोन लावतात, त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलं नसली तर गोधडी उघडी राहिली असं मानतात. रंगांची मांडणी पाहून परदेशी अभ्यासकांना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या आठवतात. आपल्याला आजीची वाकळ आठवते. दोन्ही आठवणी खऱ्या, पुरावा दोन्ही नाहीत. १९४० च्या दशकापासून या विषयात हाच वाद आहे: मानववंशशास्त्रज्ञ मेलविल हर्स्कोविट्स म्हणत आफ्रिकेचे संस्कार टिकले, समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर म्हणत गुलामगिरीने ते पुसले. पुढच्या अभ्यासकांनी तिसरी वाट काढली, की लोकांनी नव्या जागी मिळेल त्यातून नवं घडवलं. कवंदीला मला हे तिसरं उत्तर जवळचं वाटतं. तिचं श्रेय आफ्रिकेला द्यायचं की दख्खनला, याआधी ती शिवणाऱ्या बाईला द्यावं.

१५. मी आफ्रिकन वंशाची नाही. मला यावर बोलायचा अधिकार आहे का?

शिकायला कोणीच अडवत नाही. माझ्या वर्गात मी एकटी भारतीय होते आणि पहिल्या सत्रात बोलण्यापेक्षा जास्त ऐकलं. त्याचा फायदा झाला. एक तयारी ठेवा: भारतात शिकणाऱ्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना इथे कसं वागवलं जातं हे तुम्हाला विचारलं जाईल. ‘आमच्याकडे वर्णभेद नाही’ असं उत्तर देऊ नका, ते खरं नाही.

१६. दलित आणि कृष्णवर्णीय चळवळींची तुलना करायची आहे. हा विषय जुना झाला का?

जुना नाही, पण ढोबळपणे केला तर थकलेला वाटतो. कागद भक्कम आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली; ते पत्र आणि सहानुभूतीचं उत्तर दोन्ही उपलब्ध आहेत. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय साहित्याची मराठीला ओळख करून दिली, तिथून वाचन सुरू करा.

जात म्हणजे वंश असं एका वाक्यात म्हणून मोकळे होऊ नका. कोणी कोणाचं काय वाचलं, कोणत्या भाषांतरातून, कोणत्या साली, एवढं जरी नीट लावलं तरी चांगला प्रबंध होईल. आणि मराठी मुलखातही माणसं विकली जात होती (प्रश्न १२), ते वगळून ही तुलना करू नका.

१७. मॉरिशसच्या मराठी लोकांवर काम करायचं आहे. ते यात येतं का?

नाही, ती भारतीय गिरमिटियांची, करार करून नेलेल्या मजुरांची, कहाणी, म्हणजे वेगळा डायस्पोरा. पण बेट एकच. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि मळ्यांवर भारतीय मजूर आणले गेले. दोन जागतिक वारसास्थळं, मजूर उतरत तो आप्रवासी घाट आणि पळालेले गुलाम आसरा घेत तो ल मॉर्न डोंगर, एकाच बेटावर आहेत. दोन्ही समाज एकत्र घेतलेत तर विषय इथे बसतो.

१८. अमेरिकेत या विषयावर बंदी आली म्हणतात. जाऊ का?

सरसकट बंदी नाही. फ्लोरिडाने जानेवारी २०२३ मध्ये शाळांसाठीचा आफ्रिकन अमेरिकन अभ्यासाचा नवा प्रगत अभ्यासक्रम नाकारला. काही राज्यांनी सरकारी विद्यापीठांतली विविधतेची कार्यालयं बंद केली. त्यामुळे राज्य पाहून अर्ज करा, खासगी आणि सरकारी विद्यापीठांतला फरक समजून घ्या, आणि तिथे सध्या शिकणाऱ्यांना पत्र लिहून विचारा.

१९. नोकरी?

अध्यापन, संग्रहालयं, अभिलेखागारं, प्रकाशन, पत्रकारिता, मानवी हक्कांचं काम. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत, घरच्यांना हे आधीच सांगा. अभिलेखागाराचं किंवा डेटाचं कौशल्य जोडीला ठेवलंत तर अडत नाही.

२०. सिद्दी वस्तीवर जाऊन मुलाखती घ्यायच्या आहेत. थेट जाऊ का?

आधी समाजातल्या कोणाशी तरी बोलून, त्यांच्या सोयीच्या दिवशी जा. कर्नाटकातले सिद्दी कोकणी-मराठीच्या जवळची बोली बोलतात, त्यामुळे मराठी माणसाला संवाद सोपा जातो. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. एका घरावरून सगळ्यांचं लिहू नका. नाचायला सांगू नका, केसांना हात लावू नका. ‘तुम्ही मूळचे कुठले’ या प्रश्नाने सुरुवात करू नका, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर बसमध्ये, बाजारात, शाळेत विचारला गेलेला असतो. जंगलहक्क, शाळा, २००३ मध्ये मिळालेला अनुसूचित जमातीचा दर्जा, यांवर ते भरभरून बोलतात. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

२१. आमच्या घरच्या मोडी कागदांत ‘सिदी’ असा उल्लेख सापडला. काय करू?

कागद धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. आहे त्या क्रमाने, मागची-पुढची पानं धरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा. कागद बांधलेल्या रुमालावर वा गठ्ठ्यावर काही लिहिलं असेल तर त्याचाही. मोडी जाणणाऱ्या दोघांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारता येईल. ‘सिदी’ हा शब्द पदवी म्हणूनही येतो, तेव्हा एका उल्लेखावरून वंश ठरवू नका. सन शुहूरमध्ये, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेत, असेल तर इसवी सनात बदलताना मूळ आकडाही नोंदवा. आणि त्या माणसाचं नाव कागदात जसं लिहिलंय तसंच, ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता, उतरवून घ्या.